कचऱ्याची यादी

निमिषा गवसला आयुष्यातलं पहिलं बक्षीस मिळालं ते कचरा वेचण्याचं.

शाळेत ती शर्यतीत धावली, निबंधस्पर्धेत उतरली, एकदा नाटकात झाडसुद्धा झाली. पण नाव पुकारून कुणी तिच्या हातात काही ठेवलं नव्हतं. ते घडलं वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या विषाणू प्रशिक्षण केंद्रात. देशभरातून निवडलेल्या बारा तरुण शास्त्रज्ञांमध्ये तिनं सहा आठवड्यांत सर्वांत जास्त कचरा ओळखला होता. चौदा हजार तुकडे. संचालक डॉ. पाटणकरांनी टाळ्यांच्या गजरात तिला एक स्टीलचा थर्मास दिला आणि फोटोत ती अशी हसली, जणू लग्नच ठरलं होतं.

हा कचरा कुठला, ते सांगायला हवं. त्यासाठी आधी 'वेध' समजून घ्यावा लागेल.

वेध म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. २०३९ सालापर्यंत ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात पोचलं होतं. रक्ताचा थेंब टाकला, की त्या थेंबात असतील नसतील तेवढी सगळी जनुकीय अक्षरं ते वाचून काढी. त्यातली माणसाची स्वतःची अक्षरं बाजूला सारी, मग एका ठरलेल्या यादीतला कचरा गाळून टाकी, आणि उरलेलं जगातल्या सगळ्या ज्ञात विषाणूंशी ताडून बघी. ओळखीच्या विषाणूचा चुलतभाऊ असला, तरी पकडे. चाळीस मिनिटांत निकाल. कधी काळी हेच कळायला रक्त पुण्या-मुंबईला पाठवावं लागे, तिथं जिवंत पेशींमध्ये विषाणू वाढवावा लागे आणि तो वाढेस्तोवर रोगी एक तर बरा झालेला असे, नाही तर गेलेला.

मग विषाणू वाढवायला शिकवायचं कशाला, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. पूर्वी या केंद्रात मुलं दोन वर्षं हवाबंद प्रयोगशाळेत घासत. आता दोन वर्षं पडद्यासमोर आणि शेवटचे आठ आठवडे हाताचं काम. मुंजीत बटूला भिक्षा मागायला लावतात तसं, रीत म्हणून. पण अंतिम परीक्षा अजून जुनीच होती. आपल्या पसंतीचा एक नमुना घ्यायचा आणि बारा दिवसांत त्यातला विषाणू वाढवून दाखवायचा. वाढला तर हवाबंद प्रयोगशाळेत काम करण्याचा परवाना. नाही वाढला तर दोन वर्षं पाण्यात, आणि दुसरी संधी नाही. सगळे उमेदवार खात्रीचा, हमखास वाढणारा विषाणू निवडत आणि निवांत झोपत.

आता कचरा. गोचीड हा प्राणी लाखो वर्षांपासून विषाणू अंगाखांद्यावर वागवत आलाय. त्यातल्या काहींच्या अक्षरांचे तुकडे गोचिडीच्या स्वतःच्या जनुकांमध्ये कायमचे अडकून बसलेत. हे तुकडे मेलेले. कुणाला आजारी पाडत नाहीत. पण यंत्राला ते विषाणूसारखे दिसतात. सुरुवातीच्या काळात वेधनं अशाच तुकड्यांना घाबरून एकदा तीन तालुके विनाकारण बंद करायला लावले होते. तेव्हापासून असे तुकडे शोधून यादीत टाकायचं काम प्रशिक्षणार्थींकडे आलं. पडद्यावर तुकडा दिसे. तो जुन्या अवशेषांशी साठ टक्क्यांच्या वर जुळला, की 'कचरा' हे बटण दाबायचं. निमिषा दोडामार्गकडची, गोचिडींच्याच मुलखातली. कोकणातल्या गोचिडींचा सगळा ढिगारा तिच्याच वाट्याला आला आणि तिनं तो धडाक्यात उपसला.

थर्मास मिळून आठ महिने झाले होते. परीक्षा तीन दिवसांवर आली होती. अशात एका दुपारी आईचा फोन आला.

तिची आई प्रमिला गवस कुडवाळे गावची आशाताई. गावातला वेध तिच्याच खांद्यावरून घरोघरी फिरे. एरवी फोनवर ती आधी जेवलीस का विचारी. त्या दिवशी तिनं ते विचारलं नाही.

"निमू, शेवंती गेली गो."

शेवंती म्हणजे आईची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या होत्या. शेवंती काजूच्या बागेत कामाला जायची.

"कशानं?"

"ताप. सात दिवस ताप होतो. शेवटाक नाकातना रगात इला. गोव्याक नेली, पन वाटेतच..." मग आई म्हणाली, "मी तिका दोनदा डबो लावलंय. दोनदा सांगता, काय नाय. चौथ्या दिवशी ती माका म्हणाली, प्रमिले, माका उभ्या रवाक जमणा नाय. मी तिका म्हटलंय, डबो सांगता मा तुका काय नाय म्हणान, मगे जा, पेज खा आणि निज."

निमिषा फोन घेऊन बाहेर गॅलरीत आली.

"तिचो घोव बाबल काल दारात येवन माका इचारून गेलो, तुझो डबो माणसां मारता की काय. माका दार लावन घेवचा लागला. आणि आता गावात तिघांक तसोच ताप आसा." आईचा आवाज चढला. "तू त्या डब्याचाच शिकतंस मा? मगे सांग माका. काय होता तिका?"

"बघते," निमिषा म्हणाली. हा शब्द तिलाही फार हलका वाटला.

वेध निकाल एका ओळीत देतो, पण त्यानं काय काय वाचलं आणि काय काय फेकलं त्याची पूर्ण नोंद केंद्रात येते. ती बघायची कुणाला गरज पडत नाही. निमिषानं शेवंतीची नोंद उघडली. माणसाची अक्षरं: त्र्याण्णव टक्के. यंत्राला वाचता न आलेली: एक टक्का. ज्ञात विषाणू: शून्य. आणि यादीतला कचरा, गोचीड: सहा टक्के.

ती त्या सहाकडे बघत राहिली. गोचीड माणसाला बाहेरून चावते. रक्त पिते, टम्म फुगते आणि गळून पडते. माणसाच्या शिरेत शिरून ती काही संसार थाटत नाही. मग शेवंतीच्या रक्तात गोचिडीची एवढी अक्षरं आली कुठून?

तिनं फेकलेले तुकडे एकेक करून बाहेर काढले. मेलेल्या अवशेषाची एक खूण असते. त्याचं वाक्य मध्येच तुटतं. लाखो वर्षांच्या झिजेनं अक्षरं गळालेली असतात, अर्थ लागत नाही. जिवंत विषाणूचं वाक्य मात्र अखंड असतं, कारण ते तुटलं तर त्याला जगताच येणार नाही. हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पडद्याच्या दुसऱ्या पानावर त्यासाठी एक रकाना होता: 'वाक्य अखंड आहे का?' दुसरं पान उघडायला वेळ लागे. बाराही जण ते उघडतच नसत. साठ टक्के दिसले, की बटण.

शेवंतीच्या रक्तातलं वाक्य अखंड होतं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत कुठेही तुटलेलं नव्हतं.

या तुकड्याला कचरा ठरवलं कुणी, हे बघायला तिनं खालची ओळ उघडली. उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. एन. गवस. चौदा फेब्रुवारी. त्या दिवशी तिनं एका बैठकीत नऊशे तुकडे निकालात काढले होते आणि संध्याकाळी मैत्रिणींना मिसळ खाऊ घातली होती.

ती स्वच्छतागृहात जाऊन रडली. मग तोंड धुतलं आणि सरळ संचालकांच्या खोलीत गेली.

डॉ. पाटणकर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वेध त्यांच्याच डोक्यातून निघाला होता. त्यापायी त्यांचे केस गेले होते, आणि नऊ साथी सुरू होण्याआधी पकडल्या गेल्या होत्या. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"काजूच्या बागेतली बाई," ते म्हणाले. "अंगावर गोचीड चिरडली असेल. सुई तिथूनच आत गेली. नमुना दूषित. असं होतं, गवस."

"दोन्ही वेळा, सर? आणि वाक्य अखंड आहे."

"कागदावर अखंड. जिवंत आहे का, ते कागद सांगत नाही. एका प्रशिक्षणार्थीच्या शब्दावर मी यादीतून हा तुकडा काढला तर उद्या सगळ्या कोकणात खोटे भोंगे वाजतील. तीन तालुके बंद केले होते ते आठवतं? दवाखान्यात वेळेवर पोचू न शकल्यानं त्यात किती बाळंतिणी दगावल्या ते आठवतं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला विषाणू दाखवा. जिवंत. मी यादी बदलतो."

"मग मला प्रयोगशाळा द्या."

"वेधनं निर्दोष ठरवलेला नमुना वाढवायला प्रयोगशाळा देता येत नाही. नियम आहे. आणि तो कुणी केला ते तुम्हाला माहीत आहे."

नियम त्यांनीच केला होता. निमिषानं मान हलवली. पण जिन्यावरून उतरताना तिला वाटलं, नियमाचं पुस्तक आपणही वाचू शकतो. ते आणलं, चाळलं आणि परीक्षेच्या पानावर ती थांबली. 'उमेदवाराने आपल्या पसंतीचा क्षेत्रीय नमुना निवडावा.' बस्स. तो वेधनं दोषी ठरवलेला असावा, असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. तसं म्हणायची कुणाला गरजच वाटली नसणार, कारण मुद्दाम नापास व्हायला कोण जाईल?

प्रत्येक तपासणीत रक्ताच्या दोन कुप्या घेत आणि दुसरी वर्षभर केंद्राच्या शीतगृहात राही. परीक्षेच्या अर्जावर तिनं शेवंतीच्या कुपीचा क्रमांक लिहिला.

अर्ज पाटणकरांनी दोनदा वाचला. "परवाना नाही मिळाला तर पुढे काय, विचार केलाय? दोन वर्षं, गवस. तुमच्या आईनं कसं शिकवलंय ते तुमच्या मुलाखतीत तुम्हीच सांगितलं होतं."

"हो, सर. तिनंच हा नमुना घेतलाय."

त्यांनी सही केली. नियमच तसा होता.

त्या संध्याकाळी तिनं आईला सांगितलं, की निकाल काही येवो, तापाच्या माणसाला घरी पाठवू नकोस. नाकाहिरड्यांतून रक्त आलं तर थांबू नकोस, गाडी बोलाव.

"कागदार काय लिवू? डबो तर काय नाय म्हणता."

"लिही, आशाताईला पटलं नाही."

"बरां," आई म्हणाली. पण आपणच तो कचरा ठरवला होता, हे काही निमिषाच्या तोंडून निघालं नाही. त्याबद्दल तिनं स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

हवाबंद प्रयोगशाळेत हाताचं काम शिकवायला एकच बाई उरली होती. सुरेखा चौगुले, मुख्य तंत्रज्ञ, निवृत्तीला चार महिने. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, तशा त्या बोलत, आणि हातमोज्यांच्या दोन थरांतूनही पिपेट अशी धरत, की बघत राहावं.

"रेडा निवडलायस दूध काढायला," कुपी बघून त्या म्हणाल्या. "मी बत्तीस वर्सं पेशी पोसतोय. येवढं येडं उमेदवार अजून बघितलं न्हवतं."

"शिकवणार का?"

"शिकवणार न्हाई तर काय, पगार फुकट खातोय व्हय?"

फ्लास्कच्या तळाशी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींचा एक थर पसरलेला असतो. त्यावर नमुन्याचा थेंब सोडायचा आणि वाट बघायची. आत विषाणू असला, तर पेशी आजारी पडतात, गोल होतात, तळ सोडून तरंगायला लागतात. फ्लास्कवर एक कॅमेरा टांगलेला होता. तो दर तासाला पेशी मोजून पडद्यावर एक शब्द आणि टक्केवारी दाखवी.

पहिला दिवस: स्वस्थ. दुसरा: स्वस्थ. चौथ्या दिवशीही स्वस्थ. बाकीच्या उमेदवारांच्या पेशी तोवर पटापट मरत होत्या आणि ते एकमेकांना पेढे वाटत होते.

"आता हे पाणी काढून नव्या पेशींवर घालायचं," चौगुलेबाई म्हणाल्या.

"पण यात काही दिसतच नाही."

"दिसत न्हाई म्हणून न्हाईच, असं म्हणायला तू काय वेध हायस? नव्या जागी आलेला माणूस पयल्या दिवशी कुनाशी बोलतो का? तसंच ह्येचं. एका घरातनं दुसऱ्या घरात, दुसऱ्यातनं तिसऱ्यात. डोळे झाकून. तीन डाव झाल्याबिगर फ्लास्क फेकायचा न्हाई. आमाला हेच पयलं शिकवलं होतं. तुमाला शिकवत न्हाईत?"

शिकवत नव्हते. अभ्यासक्रमातून ते कधीच गळालं होतं.

दुसरा डाव. पाचवा दिवस, सहावा, सातवा. स्वस्थ. कुडवाळ्यातून आईचे निरोप येत. तिघांपैकी एकीला तिनं जबरदस्तीनं गाडीत घातलं होतं. वैद्यकीय अधिकारी तिच्यावर उखडले होते, यंत्र 'काही नाही' म्हणत असताना गाडी कशाला मागवता म्हणून. आईनं त्यांना काय सुनावलं ते तिनं सांगितलं नाही, पण बाई वाचली होती.

आठव्या दिवशी ती इनक्युबेटरसमोर नुसती उभी होती. त्यावर आकडा होता, सदतीस अंश. माणसाच्या अंगाची ऊब. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

"बाई, गोचीड किती गरम असते?"

"गोचीड? ती कुठली गरम? पाल्यात बसती, जसं वारं तसं तिचं आंग." बोलता बोलता चौगुलेबाई थांबल्या. "आगं बाई."

"जो तिच्यात वाढलाय त्याला सदतीस जरा जास्तच होत असेल, नाही?"

"पर ती शेवंती तर तापानं फनफनली होती की."

"तिच्या अंगात तो रुळला होता. इथं परक्या पेशीत त्याला बस्तान बसवायचंय."

तिसरा आणि शेवटचा डाव त्यांनी बत्तीस अंशांवर ठेवला.

दहाव्या दिवशी सकाळी कॅमेरा म्हणत होता: स्वस्थ, चौऱ्याण्णव टक्के. चौगुलेबाईंनी त्या पडद्याकडे पाहिलंच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली फ्लास्क सरकवला आणि कडेकडेनं बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या.

निमिषानं डोळा लावला. मधला थर शाबूत होता. पण अगदी कडेला, जिथे कॅमेऱ्याची नजर पोचत नव्हती, तिथे पेशींनी एकमेकींचे हात सोडले होते. गोल, चमकदार, एकेकट्या.

बाराव्या दिवशी कॅमेऱ्यालाही मान्य करावं लागलं. स्वस्थ, एकतीस टक्के. वरचं पाणी वाचलं, तर शेवंतीच्या रक्तातलं तेच अखंड वाक्य, पण हजारो पटींनी जास्त. मेलेला तुकडा वाढत नसतो. हा वाढला होता. निमिषाला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला शिसारी आली.

तोंडी परीक्षेच्या आधी पाटणकरांनी तिला खोलीत बोलावलं. त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. नवा विषाणू बघून न उजळणारा माणूस त्या खुर्चीत बसायच्या लायकीचा नसतो.

"अभिनंदन. यादी आज दुपारीच दुरुस्त होईल. शोधनिबंधावर पहिलं नाव तुमचं. परवाना तर आहेच." त्यांनी दार लोटून घेतलं. "आता अहवालाचं. आपण म्हणू, यादीच्या नव्या आवृत्तीत सुधारणा केली. एवढं पुरे. त्या तुकड्याखाली कुणाचं नाव आहे ते मी बघितलंय. ते वर काढायची गरज नाही."

"आणि जुनं रक्त? आठ महिन्यांत ही यादी लावून जेवढे निकाल 'काही नाही' आले, ते सगळे परत वाचायला हवेत."

"वाचू. सावकाश, गाजावाजा न करता. गवस, लोकांचा वेधवरचा विश्वास एकदा उडाला, की उद्याच्या साथीत ते रक्तच देणार नाहीत. त्यात जे मरतील ते शेवंतीबाईंपेक्षा जास्त असतील. मी हे स्वतःला वाचवायला म्हणत नाहीये."

ते खरं बोलत होते, हेच वाईट होतं. निमिषाला त्यांच्याशी भांडताही येईना. ती उठली.

तोंडी परीक्षेला तिघे होते. पाटणकर, केंद्रातले एक जुने प्राध्यापक आणि दिल्लीहून आलेले परीक्षक. त्या परीक्षकांनी अपेक्षित प्रश्न विचारला. वेधला हा विषाणू का दिसला नाही?

"कारण मी त्याला कचरा म्हटलं," निमिषा म्हणाली.

पाटणकरांनी पेन खाली ठेवलं.

"चौदा फेब्रुवारीला. दुसरं पान न उघडता. आम्ही बाराही जण ते उघडत नव्हतो, पण हा तुकडा माझा आहे. मी तासाला तीनशे तुकडे उडवत होते आणि तुम्ही मला थर्मास दिलात, सर. कुणी विचारलं नाही, की एवढ्या वेगात ही बघते काय. आणि मग ते यंत्र माझ्या आईच्या खांद्यावर दिलंत, की हे सांगेल ते खरं. तिनं ते खरं मानलं आणि शेवंतीकाकीला घरी निजायला पाठवलं. हे सगळं अहवालात आलं पाहिजे. माझ्या नावासकट. आठ महिन्यांचं सगळं रक्त ही यादी बाजूला ठेवून परत वाचलं पाहिजे, आणि ज्यांना 'काही नाही' असं खोटं सांगितलं, त्या प्रत्येक घरी जाऊन ते सांगितलं पाहिजे. विश्वास उडायचा तर उडू दे. लपवून ठेवलेल्या विश्वासावर मला काम करायचं नाही."

"तुम्हाला नियम माहीत आहे," पाटणकर हळूच म्हणाले. "ज्या चुकीनं रोगी दगावला, ती कबूल केल्यावर चौकशी होईपर्यंत परवाना रोखावा लागतो. वर्ष जाईल. जास्तही."

"रोखा. पण कबुली कागदावर घ्या."

दिल्लीच्या परीक्षकांनी कागद पुढे ओढला. कबुली घेतली गेली, परवाना रोखला गेला. चार दिवसांत जुनं रक्त परत वाचून झालं. तीन तालुक्यांत सतरा जणांच्या रक्तात तो विषाणू सापडला. त्या सतरांपैकी चार जण हयात नव्हते. चारही नावं निमिषानं पाठ केली.

निघताना चौगुलेबाई फाटकापर्यंत आल्या. "परवाना तुझा अडकलाय, माझा न्हाई. चार महिने हाय मी अजून. तिकडनं नमुने पाठव, मी वाढवतो."

कुडवाळ्याला ती पोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. उपकेंद्राच्या व्हरांड्यात आई एकटी बसली होती. यंत्र कोपऱ्यात बंद पडून होतं. वेधचे जुने निकाल चुकले होते ही बातमी गावात आल्यापासून आठ दिवसांत कुणी रक्त द्यायला आलं नव्हतं. पाटणकरांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं होतं. निमिषानं पिशवी खाली ठेवली आणि काही उरू न देता सगळं सांगितलं. बटण, नऊशे तुकडे, मिसळसुद्धा.

आईनं तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "त्या दिवशी फोनार तुका म्हायत होता?"

"हो."

"आणि माका सांगूक नाय." ती उठली, पदर खोचला. "माका सांगितलंस तां झाला. आता चल. बाबलाक सांग."

बाबलकाका अंगणात बसले होते. शेवंतीचा फोटो ओटीवर होता, हार अजून ताजा होता. निमिषा उभ्यानंच बोलली. तिनं शब्द सौम्य केले नाहीत. काजूच्या बागेतून आलेल्या दोन बायका कुंपणाशी थांबून ऐकत होत्या. त्यातली एक म्हणाली, "बघा, शिकान काय दिवे लावल्यान." आई वळून तिच्याकडे बघत राहिली, तेव्हा ती गप्प झाली.

बाबलकाकांनी सगळं ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग संपून गेलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

"तुझी चूक तुझ्याकडेच ठेव," ते म्हणाले. "ती घेवन मी काय करू? माफ बिफ मी करूचंय नाय." मग त्यांनी घराच्या दाराकडे मान वळवली. "सुनेक कालपासना ताप आसा. डबो माझ्या घरात येवचो नाय. माणूस येत आसात तर येवंदे."

सून आत खाटेवर होती. आईनं हात धुतले, शीर शोधली, रक्त घेतलं. दोन कुप्या. तापाच्या माणसाला गाडी हवी म्हणून फोन केला, आणि पलीकडून कुणी यंत्राचा निकाल विचारला तेव्हा एवढंच म्हणाली, "निकाल माका नको. गाडी होयी."

मग तिनं कुपीबरोबर केंद्राला जाणारा कागद काढला. त्यावर शेवटी एक ओळ होती: तपासणार. त्या ओळीत गेली कित्येक वर्षं वेधचा क्रमांक छापूनच येई.

आईनं पेन निमिषाच्या हातात दिलं.

"मला परवाना नाही, आई."

"परवानो तुझ्याकडे कोण मागता? नाव लिव. उद्या काय झाला तर बाबलान कोणाच्या दारात येवन इचारूचा, तां तेका कळाक होया."

निमिषानं छापलेला क्रमांक खोडला. बाबलकाका दारात उभे राहून बघत होते. त्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली घरचा पत्ता.